तिसऱ्या अंकात बापू काय बोलला?

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि आधीच सांगून टाकते, बहुतेक वाचून हसलेय. कुणाच्या घरात रिकामी खुर्ची हलते, कुणाची भांडी आपोआप वाजतात... भांडी वाजत असतील तर मांजर बघा, असं माझं म्हणणं. मी बारामतीत ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवते. पोरं तास बुडवायला "मॅडम, भूत असतं का हो?" असं विचारतात, तेव्हा "असतं, पेपर तपासायला माझ्याकडेच येतं" असं म्हणून पुस्तक उघडायला लावते. तर असल्या बाईनं हे लिहायला घेतलंय. आमचे हे म्हणाले, लिहू नकोस, लोक येड्यात काढतील. काढू देत. चैत्रापासून डोक्यात भुंगा लागलाय, तो कुठंतरी उतरवायला तर हवा ना.

आणि हो, यात अंधार नाही, स्मशान नाही. भर दुपारी, अख्ख्या गावासमोर झालंय हे. म्हणूनच जास्त गोंधळ आहे.

माझं माहेर कळंबच्या पुढच्या एका वस्तीवरचं. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. चैत्रात आमच्याकडे भैरोबाची यात्रा असते, आणि यात्रेत गावच्याच माणसांचं नाटक. ते नाटक लिहायचे आबा. आबा म्हणजे आमच्या शेजारच्या मळ्यातले, माझ्या वडिलांचे जिवलग. शाळा सातवीपर्यंत, धंदा शेती, आणि दरवर्षी एक नवं कोरं नाटक. एकही छापलं नाही त्यांनी. मी दिवाळी अंकात कथा लिहायला लागले तेव्हा मला म्हणाले होते, "वंदे, तू कागदासाठी लिवतीस, मी बापूसाठी लिवतो." बापू म्हणजे आमचा किराणा दुकानदार, आबांच्या सगळ्या नाटकांतला नायक. तोंड उघडलं की मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाणार, असला आवाज.

आबांची एक पद्धत होती, ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ते कुणालाच पूर्ण नाटक द्यायचे नाहीत. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वाक्यांचे कागद, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याचे शेवटचे चार शब्द. ते शब्द कानावर पडले की आपण बोलायचं. पण खरी गंमत तिसऱ्या अंकात. तिसऱ्या अंकातलं मोठं भाषण तालमीत बोलायचंच नाही. ज्याचं भाषण असेल त्याला ते काही दिवस आधी मिळायचं, त्यानं ते घरी दार लावून पाठ करायचं. तालमीत तो नुसता उभा राहायचा आणि शेवटचे चार शब्द तेवढे म्हणायचा. बाकीच्यांनी ते भाषण पहिल्यांदा ऐकायचं ते रंगमंचावर. आबा म्हणायचे, आधी ऐकलं की डोळ्यांत पाणी यायचं न्हाय, मग पोरं ग्लिसरीन मागत्यात. आमच्या गावात ही पद्धत इतकी मुरलीय की तालमीत ते भाषण कुणी विचारतसुद्धा नाही.

गेल्या पावसाळ्यात आबा गेले. झोपेतच गेले, त्रास नाही काही. नवं नाटक अर्धवट राहिलं. दोन अंक झाले होते, तिसऱ्याचा एक शब्द नाही. आबांची बायको म्हणजे माई, तिनं मला बोलावून घेतलं, आणि ते दोन अंक माझ्या मांडीवर ठेवून सरळ म्हणाली की आता हे तू पुरं कर.

मी वाचलं आणि मला घाम फुटला. नाटक दोन भावांचं होतं. थोरला आणि धाकटा, आबांनी नावंसुद्धा दिली नव्हती. दोघांत एक विहीर. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका भयंकर उन्हाळ्यात धाकट्याच्या पाळीला कुणीतरी पाणी थोरल्याच्या रानात वळवतं आणि धाकट्याची नवी लावलेली डाळिंबाची बाग जळून जाते. धाकटा थोरल्याला चोर म्हणतो आणि घर सोडतो. दुसरा अंक तिथं संपतो.

आता हे नाटक कसलं, ही तर आबांची स्वतःची कहाणी. अख्ख्या गावाला माहीत होतं. आबांचा धाकटा भाऊ, नाना, असाच गाव सोडून इंदापूरला गेला. तिथं पाण्याच्या मोटारी-पाइपांचं दुकान टाकलं, चांगला बसला. पण त्यानंतर आबांच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. आई वारली तेव्हा आला, आबा वारले तेव्हाही आला, दोन्ही वेळा अंगणातूनच परत गेला. पाण्याचा घोटसुद्धा नाही. आणि आबांनी त्या पाण्याबद्दल जन्मात कधी तोंड उघडलं नाही. मी केलं असंही नाही, केलं नाही असंही नाही. माई सांगते, तिनं लग्नाच्या बायकोच्या हक्कानं कितीदा विचारलं, तर आबा उठून गोठ्यात जायचे.

माईला मूलबाळ नाही. आता त्या मळ्यात ती एकटी. ती मला म्हणाली, "थोरल्याला माफी मागू दे, वंदे. नाना बघायला येईल. एकदा माझ्या हातचं जेवून गेला की मी मोकळी झाले." बोलताना हात माझ्या गुडघ्यावर होता.

आता सांगा, काय करायचं? मेलेल्या माणसाच्या तोंडी माफी घालायची? आणि त्यांनी ते केलंच नसेल तर? न केलेल्या चोरीची कबुली मी कोण देणार त्यांच्या वतीनं? आणि केलं असेल, आणि जन्मभर कबूल केलं नसेल, तर मी त्यांना फुकटात साधुसंत करून ठेवतेय. दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं पुरं करणं म्हणजे मला वाटलं होतं शैली जमली की झालं. शैली मला जमते हो, आबांसारखं लिहिणं कठीण नाही. पण शैलीनं हे सुटेना.

म्हणून मी नानांना भेटायला गेले. इंदापूरला दुकानात. नाना दिसायला थेट आबा, फक्त दाढी केलेले. मी आडवळण न घेता सांगितलं, की आबांचं शेवटचं नाटक यात्रेत होतंय, तिसरा अंक आबांनी लिहिलेला नाही, तो मी लिहितेय, आणि माईला त्यात थोरल्याची माफी हवीय. त्यांनी गिऱ्हाइकाला पाइप मोजून दिला, हात पुसले, मग बोलले.

"आबानं लिवलेली माफी असती तर रांगत आलो असतो. तुमी लिवलेली माफी घेऊन मी काय करू, ताई?"

मला राग आला, खरं सांगते. बरोबर बोलले म्हणूनच आला. मी म्हटलं, माफीसाठी नका येऊ, माईसाठी या, ती म्हातारी झालीय. त्यांनी चहा मागवला, आणि मी निघताना विचारलं की नाटक कधी लागतंय. मी सांगितलं, रात्री स्पीकरच्या परवानगीची कटकट नको म्हणून यंदा दुपारीच.

शेवटी मी माफीच लिहिली. माईपुढे माझा इलाज नव्हता. आणि लिहिली ती, स्वतःच्या तोंडानं सांगते, फर्मास लिहिली. थोरला कबूल करतो, लोभ सुटला, तुझी हिरवी बाग बघून पोटात दुखलं, मीच पाणी वळवलं, मला माफ कर. शेवटचे चार शब्द, म्हणजे रशीदभाईंसाठीचे, "एवढंच सांगायचं होतं तुला." रशीदभाई म्हणजे आमच्या गावचे डाळिंबाचे व्यापारी, गेली कैक वर्षं नाटकात बापूचे धाकटे भाऊ नाहीतर मुलगे तेच. त्यावर धाकट्याची वाक्यं मी अशी लिहिली होती: "मग इतकी वर्षं गप का बसलास, दादा?" आणि मग, "आई असती तर आज तिच्या पाया पडलो असतो." हे दुसरं वाक्य लिहिताना मला स्वतःलाच जरा भरतीचं वाटलं होतं. माफीच्या प्रसंगात आई कशाला मधे? पण लोकांना आई आवडते, म्हणून ठेवलं.

पद्धत मोडायची नाही, म्हणून मोठं भाषण फक्त बापूला दिलं. टाइप करून, प्रिंट काढून, एक कागद. दुसरी प्रत माझ्याकडे. माईला नाही दाखवलं, घरात ह्यांनाही नाही. म्हणजे ते भाषण जगात दोघांनाच माहीत, मला आणि बापूला. हे लक्षात ठेवा.

यात्रेचा दिवस. देवळासमोर मांडव, ऊन मरणाचं, बायका पदरानं वारा घेत बसलेल्या. पुढच्या रांगेत माई. मी विंगेत, हातात पूर्ण नाटक, कुणी अडलं तर पुढचं वाक्य सुचवायला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर पार मागं, मांडवाच्या खांबाला टेकून नाना उभे. निमगाव केतकीवरून मोटरसायकलवर आलेले, अंगावर धूळ, किल्ली हातातच. म्हणजे कधीही निघतील अशा बेतानं. मी बापूला सांगितलं, नाना आलेत, सांभाळून. बापू म्हणाला, मॅडम, बिनघोर रहा.

तिसरा अंक सुरू झाला. बापू मधोमध आला, रशीदभाई पाठमोरे. बापूनं श्वास घेतला. मी कागदावर बोट ठेवलं.

आणि बापू भलतंच बोलायला लागला.

पहिल्या वाक्यालाच माझं बोट थांबलं. मी लिहिलं होतं, "मला लोभ सुटला." बापू म्हणत होता... मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते मला अजून तोंडपाठ आहे:

"पाणी मी वळवलं न्हाय. आईनं वळवलं. तुझं कसंबी निभंल, माझं निभणार न्हाय, असं तिला वाटलं. तू मला चोर म्हणालास, मी म्हणू दिलं. आईला म्हणाला असतास तर तू आन ती, दोघंबी जगला नसता. एवढंच सांगायचं होतं तुला."

बस्स. एवढंच. माझं भाषण चांगलं पानभर होतं, हे पाच-सहा वाक्यांत संपलं. आवाजही बापूचा नेहमीसारखा गडगडाटी नव्हता. ओसरीवर बसून शेजारच्याला सांगावं तसा.

मी हातातले कागद गच्च धरून उभी. डोक्यात एकच, की हा मेला बापू स्वतःचं घालतोय, नानांसमोर, आणि तेही त्यांच्या वारलेल्या आईवर आळ घेतोय. आता राडा होणार. तेवढ्यात रशीदभाई वळले, कारण त्यांना त्यांचे चार शब्द मिळाले होते. आणि ते माझंच वाक्य बोलले: "मग इतकी वर्षं गप का बसलास, दादा?"

अहो, ते वाक्य तिथं असं बसलं! माझ्या माफीनंतर ते नुसतं नाटकी वाक्य होतं. इथं तो एकच प्रश्न विचारण्यासारखा होता. आणि मग, "आई असती तर आज तिच्या पाया पडलो असतो." ते माझं भरतीचं वाक्य. आता त्यात चक्क आईला माफ केलेलं होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मीच लिहिलेलं, आणि मला त्याचा अर्थ आत्ता कळत होता.

पडदा पडला, टाळ्या, शिट्ट्या, माई पदर तोंडाला लावून रडतेय. मी तडक बापूला गाठलं आणि झापायला लागले. काय बोललास तू? कुणी सांगितलं तुला हे? आई कुठून आणलीस?

बापू माझ्याकडे बघतच राहिला. "कुठली आई, मॅडम? तुमी लिवलं तेच बोललो की." आणि खिशातून घामानं भिजलेला कागद काढला. माझाच प्रिंट. लोभ सुटला, पोटात दुखलं, माफ कर. मी रशीदभाईंना विचारलं. ते म्हणाले, मी फक्त शेवटचे चार शब्द ऐकायला कान लावून असतो, मधलं काय ते ध्यानात राहत न्हाय, पण बापू बोलला झकास. बाकीच्यांना विचारलं, तर सगळे म्हणाले, काय माफी मागितली थोरल्यानं, वा! कुणालाच काही वेगळं वाटलेलं नव्हतं.

मग मला व्हिडिओ आठवला. आमच्याकडे आता प्रेक्षक कमी आणि मोबाइल जास्त. बापूच्या भाच्यानं पुढून काढलेला, अंगणवाडीच्या ताईंनी बाजूनं काढलेला, दोन्ही तिथंच बघितले. दोन्हींत बापू माझं भाषण बोलतोय. पानभर, एक शब्द इकडचा तिकडे नाही, हातवारे करून, गडगडाटी आवाजात. आणि बाजूच्या व्हिडिओत विंगेत मी दिसते. कागदावर बोट ठेवलेली, आणि बोट हलत नाहीये. बापू पानभर बोलतोय आणि माझं बोट पहिल्याच ओळीवर.

मी खरंच घाबरले. भुताला नाही, स्वतःला. म्हटलं ऊन लागलं, बीपी वाढलं, नाहीतर डोक्याचं काहीतरी बिनसलं. लेखक माणूस, मनातल्या मनात दुसरंच भाषण रचलं असेल आणि तेच ऐकलं असेल. हे मला पटतसुद्धा होतं. बारामतीला गेल्यावर डॉक्टरांना दाखवायचं, असं ठरवून मी माईकडे निघाले. माईनं पुरणपोळीचा घाट घातला होता.

अंगणात नाना उभे होते. नेहमीसारखे उंबऱ्याच्या बाहेर. माई आत ताट वाढत होती, भांड्यांचा आवाज येत होता. नानांचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं, माफी लागली मनाला, चला, माईचं काम झालं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, आवाज एकदम खाली घेऊन.

"तुझं कसंबी निभंल, माझं निभणार न्हाय... हे आईचं तुमाला आबानं सांगितलं का, ताई?"

मी अजून कुणाजवळही ते शब्द उच्चारले नव्हते. बापूला झापतानासुद्धा फक्त "आई कुठून आणलीस" एवढंच म्हटलं होतं. आणि नाना तर मांडवाच्या पार मागं होते.

ते बोलत राहिले. म्हणाले, बाग जळाल्यानंतर आई कधी त्यांच्या वाटणीच्या रानात गेली नाही. इंदापूरला घर बांधलं, वास्तुशांतीला गाडी पाठवली, तरी आली नाही. कितीदा बोलावलं, एक दिवस राहायला नाही आली. "मला वाटायचं आबानं अडवली. ती सोताच येत नव्हती. तोंड दाखवता येत नव्हतं तिला." हे म्हणताना म्हातारा माणूस लहान पोरासारखा हुंदका देत होता.

आता माझी पंचाईत बघा. आत ताट वाढलेलं. नाना विचारतायत, आबांनी सांगितलं का. "हो" म्हटलं की सगळं सुटतं. एक शब्द. नाना उंबरा ओलांडतात, माई मोकळी होते, आबांवरचा चोरीचा डाग जातो. आणि "नाही" म्हटलं तर? ते म्हणतील, मग हे तुमच्या मनानं रचलं, माझ्या मेलेल्या आईवर घातलं. मग किल्ली लावून निघाले की जन्मात परत येणार नाहीत. आणि हे म्हणणारी मी कोण, तर माफी लिहू का नको म्हणून महिना घालवलेली बाई.

पण दुकानात ते जे बोलले होते, ते माझ्या मनात होतं. मी लिहिलेलं त्यांना नको होतं. आणि मी "हो" म्हटलं असतं तर तेही मीच लिहिलेलं झालं असतं. म्हणून मी सांगितलं, जसं होतं तसं. नाना, आबांनी मला काही सांगितलं नाही. मी हे लिहिलेलं नाही. मी माफी लिहिली होती. बापू म्हणतो तो माफीच बोलला. सगळ्या गावानं माफी ऐकली. व्हिडिओत माफी आहे. आणि त्यांच्या हातात मोबाइल दिला.

त्यांनी पूर्ण बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. आतून माईनं हाक मारली, वंदे, त्यांना म्हणावं बाहेर का होईना, बसा तरी.

नानांनी मोबाइल परत दिला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "पन तुमी ऐकलं ना?"

"ऐकलं," मी म्हटलं.

"बास मग."

त्यांनी चपला काढल्या, दारातल्या बादलीतून पाय धुतले आणि आत गेले. माई ताट हातात घेऊन बाहेरच निघाली होती, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, वैनी, हितंच बसतो. माई ताट खाली ठेवायचं विसरली. मी मागल्या दारी जाऊन, खोटं का सांगू, ढसाढसा रडले.

माईला त्यांनी आईचं काही सांगितलं नाही. तिनं माफी ऐकलीय, तिला तेच पुरे आहे. म्हणते, आबांनी मनातलं बोलून दाखवलं एकदाचं. मी काही बोलत नाही. सासूबद्दल ती आता चांगलंच बोलते, ते कशाला बिघडवा.

मी डॉक्टरांना दाखवलं. कान ठीक, बीपी ठीक. एक मैत्रीण मानसशास्त्र शिकवते, ती म्हणाली की तू आणि नाना दोघंही त्या माफीनं अस्वस्थ झाला होतात, दोघांनी एकच कल्पना केली. बरं, कल्पना एक असेल, शब्द कसे एक? त्यावर ती म्हणाली, ते मला नाही सांगता येत. आणि ते खरंच होतं का, आईनंच पाणी वळवलं का, हेही कुणाला सांगता येणार नाही. आई नाही, आबा नाहीत. आई रानात का जात नव्हती, याला दुसरी शंभर कारणं असू शकतात. हे सगळं मला कळतं. वर्गात मी हेच शिकवते.

हल्ली नाना दर आठवड्याला येतात. निमगावच्या बाजारातून भाजी घेऊन येतात, जेवतात, विहिरीवर जाऊन बसतात. माईच्या मनात आलं की हे नाटक तरी छापायचं, आबांचं एक तरी पुस्तक व्हावं. वर आबांचं नाव आणि तिसऱ्या अंकावर माझं. प्रेसवाला घाई करतोय. मी अडलेय ती त्या एका भाषणावर. माझ्या टेबलावर दोन कागद आहेत. एक माझी माफी. दुसरं ते, मी आठवून उतरवलेलं. ते छापलं तर माझं नाव कसं घालू? आणि माफी छापली तर आबा कायमचे चोर ठरतात, आणि छापल्यावर ते पुसता येत नाही.

परवा नानांना विचारलं. ते विहिरीच्या कठड्यावर बसले होते. म्हणाले, "माफीची जागा कोरी सोडा. ज्याला करायचं नाटक, तो लिवंल आपलं." मग उठून चपला घालू लागले. मला वाटलं विषय संपला. तर म्हणाले, "मला ऐकवलं ते समजलं, ताई. माझंच होतं ते. तुमाला का ऐकवलं असंल?"

जागा कोरी सोडायचं ठरलंय. पण प्रूफ तपासताना त्या कोऱ्या जागेवर आले की माझं बोट तिथंच थांबतं, त्या व्हिडिओतल्यासारखं, आणि कान आपोआप लागतात.